लागोपाठच्या मुलाखती आणि प्रवासाचे नियोजन : नाशिकच्या एका प्राध्यापिकेचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकच्या सिडको भागात राहणाऱ्या एका प्राध्यापिकेचे हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि संस्थांची नावे गाळली आहेत. गावे मात्र तशीच ठेवली आहेत, कारण अंतरे काढून टाकली तर या प्रकरणात अभ्यासण्यासारखे फारसे उरत नाही.

प्राध्यापिकांचा विषय भूगोल. सेट (प्राध्यापकपदासाठीची राज्यस्तरीय पात्रता परीक्षा) उत्तीर्ण, पीएच.डी. पूर्ण, आणि शहरातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात काही वर्षे तासिका तत्त्वावर अध्यापन, अशी त्यांची स्थिती होती. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला घेतलेल्या तासांचेच पैसे मिळतात आणि हक्काची रजा नसते. त्यामुळे मुलाखतीसाठी गावाबाहेर घालवलेला प्रत्येक दिवस दोनदा महाग पडतो, एकदा प्रवासखर्चाने आणि एकदा बुडालेल्या तासांनी. शिवाय मुलाखतपत्रावर ‘स्वखर्चाने व मूळ कागदपत्रांसह उपस्थित राहावे’ हे वाक्य ठरलेलेच असते.

२०२५च्या फेब्रुवारीत त्यांना जेमतेम आठवड्याभरात तीन मुलाखतपत्रे आली. पहिले नांदेडच्या एका अनुदानित महाविद्यालयाचे, गुरुवारी सकाळी दहा वाजता उपस्थितीसाठी. दुसरे पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचे, लगेच दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी दहाचे. तिसरे धुळ्याच्या अनुदानित महाविद्यालयाचे, शनिवारी सकाळी दहाचे. नांदेड व धुळे येथील पदे कायमस्वरूपी, सातव्या वेतन आयोगाप्रमाणे स्तर १० मधली, म्हणजे ५७,७०० रुपये मूळ वेतनाची होती. पुण्याचे पद अकरा महिन्यांच्या करारावर, ठोक मानधनाचे.

अडचण

नकाशावर पाहिले तर हा त्रिकोण चमत्कारिक आहे. नांदेड नाशिकच्या पूर्वेला, दिवसभराच्या रेल्वेप्रवासाच्या अंतरावर. पुणे दक्षिणेला, सव्वादोनशे किलोमीटरच्या आत. धुळे उत्तरेला, मुंबई-आग्रा महामार्गाने साधारण दीडशे किलोमीटर. नांदेड ते पुणे हा टप्पा सर्वांत लांबचा, आणि नेमका तोच एका रात्रीत पार करायचा होता.

तथापि अंतर ही खरी अडचण नव्हती. गाडीची वेळ छापलेली असते, बसची वेळ विचारता येते. पण नांदेडची मुलाखत किती वाजता संपेल हे कोणालाच सांगता येत नव्हते. दहाची उपस्थिती म्हणजे दहाला कागदपत्रांची पडताळणी. त्यानंतर समिती केव्हा बसेल, उमेदवार किती येतील, आपला क्रमांक कितवा असेल, यांपैकी काहीही आधी ठरत नाही. ज्याने अशी एक जरी मुलाखत दिली असेल, त्याला कॉरिडॉरमधल्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्या आठवत असतील.

दुसरी अडचण कमी दिसणारी होती. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८च्या नियमावलीनुसार शैक्षणिक गुणांकन हे केवळ मुलाखतीसाठी उमेदवार निवडण्यापुरते वापरायचे असते आणि अंतिम निवड मुलाखतीतल्या कामगिरीवरच करायची असते. याचा अर्थ असा की, वर्षानुवर्षे जमवलेले शोधनिबंध उमेदवाराला दारापर्यंत आणून सोडतात, आणि आत गेल्यावर वीस मिनिटे तो किती ताजातवाना आहे यावर बरेच अवलंबून राहते. त्यामुळे तिन्ही ठिकाणी कसेबसे पोहोचणे पुरेसे नव्हते. पोहोचल्यावर बोलण्याची शक्तीही शिल्लक हवी होती.

विचारात घेतलेले पर्याय

घरात पहिली चर्चा झाली ती पुणे सोडून देण्याची. करारावरची नोकरी, ती पुण्यात, आणि घरी पाच वर्षांचा मुलगा. सासऱ्यांचे मत असे पडले की दोन कायम जागांवर लक्ष द्यावे आणि मधली दगदग टाळावी. हे मत चुकीचे नव्हते. परंतु अनुदानित जागेसाठी एका पदामागे येणारे उमेदवार पाहता, हातातली कोणतीही मुलाखत न देताच सोडणे प्राध्यापिकांना पटेना.

मग कोणती तारीख हलवता येईल, हा प्रश्न आला, आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा विचार इथे झाला. अनुदानित महाविद्यालयाच्या निवड समितीत संस्थेचे प्रतिनिधी, प्राचार्य, विभागप्रमुख, कुलगुरूंनी नेमलेले सदस्य, बाहेरचे विषयतज्ज्ञ आणि शासनाच्या बाजूने उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाचा प्रतिनिधी अशी मंडळी एकाच दिवशी एका टेबलाशी आणावी लागतात, आणि निवडीची सर्व प्रक्रिया त्या बैठकीतच पूर्ण करून इतिवृत्तावर सह्या घ्यायच्या असतात. एका उमेदवारासाठी ती तारीख हलणे अशक्यच. खासगी विद्यापीठात मात्र समिती बहुतांशी घरचीच असते आणि मुलाखती वेळेच्या टप्प्यांत ठेवलेल्या असतात. त्यामुळे विनंती करायची तर ती पुण्याला, हे ठरले.

काय विनंती करायची, यावर मात्र घोळ झाला. पहिला मसुदा ‘दुपारनंतरची वेळ मिळावी’ असा होता. तो पाठवला असता तर नांदेडकडून येताना मोकळीक मिळाली असती, पण शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघून भोसरी, मोशी, चाकणच्या कोंडीतून नाशिक गाठायला मध्यरात्र झाली असती आणि पहाटे पुन्हा धुळ्याची वाट धरावी लागली असती. एका टोकाला दिलेली ढील दुसऱ्या टोकाला ताण आणत होती. शेवटी विनंतीत दोनच पर्याय स्पष्ट लिहिले : पुढचा सोमवार, किंवा ते शक्य नसल्यास शुक्रवारीच बारा ते एकच्या दरम्यान.

कारण खरे सांगावे की नाही, यावरही मतभेद होते. विभागातल्या एका ज्येष्ठ सरांचे म्हणणे होते की, ‘दुसरीकडे मुलाखत आहे हे कशाला सांगता, घरगुती कारण द्या.’ प्राध्यापिकांनी आदल्या दिवशी नांदेडला मुलाखत असल्याचे सरळ लिहिले. ते योग्यच होते. एक तर घरगुती कारणाने वेळ केवळ दोन-तीन तासांनी का हलवावी लागते, याचे उत्तर देता येत नाही. दुसरे म्हणजे इतरत्र बोलावणे असलेला उमेदवार समितीच्या नजरेत उणा ठरत नाही.

जाण्याच्या प्रवासासाठी तीन गाड्या समोर होत्या. देवगिरी एक्स्प्रेस नाशिकरोडला मध्यरात्रीनंतर येते आणि नांदेडला सकाळी नऊच्या आसपास पोहोचवते; दहाच्या उपस्थितीला हा हिशेब फार काठावरचा होता. या गाडीत तारखेचाही एक फसवा भाग आहे. मुंबईहून ती बुधवारी रात्री सुटली तरी नाशिकरोडला येईपर्यंत गुरुवार उजाडलेला असतो, त्यामुळे तिकीट गुरुवारचे काढावे लागते. तत्काळ आरक्षण मात्र गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेच्या आदल्या दिवशी, म्हणजे मंगळवारी, उघडते. नंदीग्राम एक्स्प्रेस संध्याकाळनंतर निघून पहाटे पोहोचवते. लॉजचे पैसे वाचतात आणि बुधवारचे तासही बुडत नाहीत. तपोवन एक्स्प्रेस सकाळी नाशिकरोडहून निघून संध्याकाळी नांदेडला नेते. बुधवार पूर्ण जातो आणि वर लॉजचा खर्च. मुंबईहून येणारी वंदे भारत त्या वेळी जालन्यापर्यंतच जात होती, तिचा नांदेडपर्यंतचा विस्तार त्याच वर्षी ऑगस्टमध्ये झाला, म्हणून तिचा विचार करण्याचे कारण नव्हते.

खर्चाच्या दृष्टीने नंदीग्राम उघडच सरस होती आणि प्राध्यापिकांचा कलही तिकडेच होता. तिच्याविरुद्ध जाणारा मुद्दा त्यांच्या यजमानांनी मांडला : गुरुवारची रात्र तर प्रवासात जाणारच आहे, बुधवारचीही गेली तर शुक्रवारी पुण्यात उभी राहणारी व्यक्ती दोन रात्री न झोपलेली असेल. तीन दिवसांत चालत्या वाहनातली रात्र एकच असावी, असे ठरले आणि तपोवनचे आरक्षण झाले.

नांदेड ते पुणे यासाठी दोन मार्ग होते. परळी, लातूर, कुर्डुवाडी, दौंड या मार्गाने पुण्यावरून पनवेलला जाणारी गाडी संध्याकाळी नांदेडहून निघते आणि सकाळी पुण्यात येते. खासगी स्लीपर बस रात्री उशिरा सुटतात. गाडी आरामाची व स्वस्त, पण मुलाखत लांबली तर ती हातची जाणार. बस महाग आणि अंग आंबवणारी, पण मुलाखतीनंतरही मिळण्याची खात्री अधिक.

घेतलेले निर्णय आणि कृती

दोन्हींचे आरक्षण करण्यात आले. रेल्वेचे तिकीट सुरुवातीला आरएसीत (बसायला जागा, पण पूर्ण बर्थची खात्री नाही) होते, ते पुढे पक्के झाले. त्या वेळच्या नियमांनुसार पक्के तिकीट गाडी सुटण्याआधी बारा ते चार तासांच्या दरम्यान रद्द केल्यास निम्मे पैसे परत मिळत आणि त्यानंतर काहीच नाही. त्यामुळे गुरुवारी दुपारी दोनच्या आत निर्णय घ्यायचा, हे आधीच वहीत लिहून ठेवले होते. लग्नसराईत स्लीपर बसचे दर भडकलेले असतात, तरीही दुहेरी आरक्षण हा उधळेपणा नव्हता. अनिश्चिततेची किंमत आधीच मोजून घेतली होती, इतकेच.

पुण्याच्या विद्यापीठाकडून दोन दिवसांनी उत्तर आले. सोमवार शक्य नव्हता, शुक्रवारी एकची वेळ मिळाली. नांदेडच्या महाविद्यालयालाही त्यांनी फोन करून आपला क्रमांक लवकर घेण्याची विनंती केली. पलीकडून उत्तर आले, ‘मॅडम, या तर तुम्ही, कमिटी आल्यावर बघू काय करता येते ते.’ हे आश्वासन आहे असे त्यांनी धरले. मी धरले नसते.

शुक्रवारसाठीही एक सीमारेषा ठरवली. पुण्यातून पाचच्या आत मोकळे झाल्यास नाशिकला घरी यायचे. पाच उलटले तर घरचा विचार सोडून रात्रीच्या बसने पुण्याहून थेट धुळे गाठायचे. या दुसऱ्या शक्यतेमुळे धुळ्याची फाइल घरी ठेवून चालणार नव्हते. म्हणून तिन्ही ठिकाणच्या साक्षांकित प्रतींचे संच, दोन विद्यापीठांच्या नमुन्यांतले गुणांकनाचे अर्ज आणि मूळ कागदपत्रांची एकच फाइल असे सगळे सोबत घेतले. पुण्याच्या मुलाखतीत नमुना वर्गपाठ घ्यायचा होता. त्यासाठी टोपोशीट, म्हणजे भूरूपे दाखवणारा मोठा नकाशा, लागणार होते, ते घडी पडू नये म्हणून गुंडाळून प्लास्टिकच्या नळीत घातले.

प्रत्यक्षात काय घडले

बुधवारचा प्रवास सुरळीत झाला. नांदेडला स्थानकाजवळ लॉज आधीच सांगून ठेवला होता. गुरुद्वाऱ्यामुळे तिथे यात्रेकरूंची वर्दळ बारा महिने असते आणि आयत्या वेळी खोली मिळेलच असे नसते.

गुरुवारी पडताळणी वेळेवर सुरू झाली. टेबलावरच्या लिपिकांनी मूळ कागदपत्रांची फाइल समितीपुढे ठेवण्यासाठी आत घेतली. बाहेरगावचे तज्ज्ञ बारानंतर पोहोचले आणि साडेबाराला पहिला उमेदवार आत गेला. प्राध्यापिकांचा क्रमांक चौदावा होता. फोनवर बोललेली व्यक्ती त्या दिवशी कार्यालयात नव्हती आणि टेबलावरच्या लिपिकांना त्या विनंतीची कल्पना नव्हती. ‘कमिटी बसल्यावर क्रम आम्हाला बदलता येत नाही, मॅडम,’ एवढेच त्यांनी सांगितले, आणि त्यांच्या जागी तेही बरोबरच होते.

दीड वाजता तिसरा उमेदवार आत होता. प्राध्यापिकांनी मोबाइलवर रेल्वेचे तिकीट रद्द केले. हा निर्णय लहान वाटतो, पण तो वेळेवर घेतला गेल्याने पुढचे चार तास घड्याळाकडे पाहण्यात गेले नाहीत. सहाच्या सुमारास त्यांचा क्रमांक आला. नाशिकचा उमेदवार नांदेडला भूगोलाच्या मुलाखतीला बसला की गोदावरीच्या पाण्याचा प्रश्न चुकत नाही. वरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याच्या वादावर त्यांना विचारले गेले, आणि जिल्ह्याची बाजू न घेता त्यांनी समन्यायी पाणीवाटपाची तरतूद नीट मांडली, असे त्यांना स्वतःला वाटले. मूळ फाइल हातात पडली तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, म्हणजे गाडी निघून गेली होती.

रात्रीच्या बसमध्ये वरचा बर्थ मिळाला. बॅग डिकीत टाकण्याचा वाहकाचा आग्रह होता; कपड्यांची बॅग त्यांनी दिली, फाइल उशाशी घेतली. नकाशाची नळी मात्र बर्थच्या लांबीत तिरकी बसत होती, त्यामुळे पडदा पूर्ण ओढता येईना आणि समोरच्या दिव्याचा उजेड रात्रभर तोंडावर येत राहिला. झोप जेमतेम तीन तासांची झाली. सकाळी साडेसहाला अपेक्षित असलेली बस नगर रस्त्याने येताना वाघोलीच्या गर्दीत अडकली आणि खराडीला पावणेनऊ वाजले. जुन्या वेळेप्रमाणे दहाला हजर राहायचे असते, तर आंघोळ न करता रिक्षातून धावावे लागले असते. एकची वेळ असल्याने मावसबहिणीकडे आंघोळ, जेवण आणि तासभर डोळा लागणे, हे सगळे साधले.

पुण्यातली मुलाखत थोडी उशिरा सुरू झाली. टोपोशीट फळ्यावर लावून त्यांनी समोच्च रेषांवर पाठ घेतला. विद्यार्थी म्हणून बसवलेल्या मुलांनी प्रश्न विचारले आणि पाठ रंगला. पावणेचारला त्या बाहेर पडल्या. पाचची सीमारेषा ओलांडलेली नव्हती, म्हणून वाकडेवाडीच्या बसस्थानकावरून नाशिकची एसटी धरली. महिलांना निम्मे भाडे असल्याने तिकिटाचा भार हलका होता. चाकणपर्यंतच दीड तासाहून अधिक वेळ गेला आणि घरी पोहोचेपर्यंत साडेदहा वाजले. शनिवारी पहाटे पावणेसहाला यजमानांनी द्वारका चौकात सोडले, आणि एसटीने ओझर, पिंपळगाव, चांदवड, मालेगाव करत सव्वानऊला त्या धुळ्यात होत्या.

धुळ्याची समिती अगदी वेळेवर बसली आणि त्यांचा क्रमांक तिसराच लागला. सर्वांत कमी प्रतीक्षा इथे झाली, आणि सर्वांत कमी रंगलेली मुलाखतही हीच. तापीच्या खचदरीबद्दलचे उत्तर बरे गेले. पण पांझरेचे खोरे आणि तिथली पाण्याची टंचाई यांवरच्या साध्या प्रश्नांना त्या अडखळल्या.

निष्पत्ती

नांदेडची निवड दुसऱ्या उमेदवाराची झाली. धुळ्याच्या प्रतीक्षा यादीत त्यांचे नाव दुसऱ्या क्रमांकावर लागले. पुण्याच्या विद्यापीठाचे नियुक्तीपत्र दीड आठवड्यात आले आणि रुजू होण्यास होकार कळवण्यासाठी एका आठवड्याची मुदत होती. त्या मुदतीत धुळ्याची यादी पुढे सरकण्याची चिन्हे नव्हती. त्यांनी होकार कळवला आणि जूनपासून रुजू झाल्या. जी मुलाखत सोडून द्यावी असा घरचा पहिला कौल होता, तिनेच नोकरी दिली. यावरून सासऱ्यांचा सल्ला चुकीचा ठरतो असे मला वाटत नाही, कारण पद करारावरचेच आहे आणि मुलगा अजून नाशिकच्या शाळेत आहे.

वेगळे काय करता आले असते

नांदेडची विनंती फोनऐवजी ई-मेलने, प्राचार्यांच्या नावे करून तिची छापील प्रत पडताळणीच्या टेबलावर ठेवायला हवी होती. क्रम बदलला असताच असे नाही. पण तज्ज्ञ येण्याआधीच्या दोन तासांत ती प्रत प्राचार्यांपर्यंत पोहोचू शकली असती. पुण्यासाठी जी काळजी लेखी विनंतीत घेतली, ती नांदेडसाठी घेतली नाही, कारण मन पुण्याची वेळ बदलून घेण्यात गुंतले होते.

पुण्याची मुलाखत ऑनलाइन मागायला हवी होती, असे काहींनी नंतर सुचवले. मला ते मान्य नाही. वर्गपाठ हा त्या मुलाखतीचा सर्वांत जमलेला भाग होता आणि तो पडद्यावरून तसा उतरला नसता. नकाशाची नळी मात्र टाळता आली असती : टोपोशीटची घडी घालता येणारी कापडी प्रत काढून घेतली असती, तर पडदाही ओढता आला असता.

शनिवारी एसटीऐवजी गाडी ठरवून जायला हवे होते की काय, यावर त्यांच्या घरी अजूनही दोन मते आहेत. यजमानांच्या मते तासभर झोप अधिक मिळून फरक पडला असता. प्राध्यापिकांचे म्हणणे वेगळे आहे आणि ते मला अधिक पटते. त्यांच्या मते धुळ्याला कमी पडली ती तयारी, झोप नव्हे. या सगळ्या वेळापत्रकात शांतपणे, उजेडात, टेकून बसून वाचता येईल असा एकच काळ होता, तो तपोवन एक्स्प्रेसमधला बुधवार, आणि तो संपूर्ण नांदेडच्या तयारीला दिला गेला. गुरुवार रात्रीपासून शनिवार सकाळपर्यंत वाचन होणार नाही, हे वेळापत्रक कागदावर मांडतानाच दिसत होते. धुळे जिल्ह्याची टिपणे बॅगेत होती. मनमाड ते जालना या टप्प्यात ती वाचून झाली असती.